कुंकू लागलेली मतं

लातूरच्या त्या हॉलमध्ये मी मालकांचा माणूस म्हणून बसलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. मालक ग्रामपंचायतीला उभे होते. मी त्यांच्या पिठाच्या गिरणीवर कामाला होतो आणि त्यांनीच दिलेल्या खोलीत राहत होतो. फेरमोजणीच्या टेबलाला दोन्ही उमेदवारांचा एकेक माणूस बसवायचा असतो. त्यांचा मी.

गाव देवणीजवळचं. माझं घर इस्लापूरकडं, पैनगंगेच्या काठाला, नांदेड जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मधला मुलूख एवढा, की आई आजारी असल्याचं मला कळेपर्यंत ती बरी होऊन रानात गेलेली असायची. बहात्तरच्या दुष्काळात माझी शाळा सुटली ती सुटलीच. सहावीत होतो. आधी खडी फोडली, मग हिमायतनगरच्या एका गिरणीत झाडझूड करता करता गिरणीच्या दगडाला टाकी लावून धार द्यायला शिकलो. गावोगाव दगड बसवत फिरणारा एक मिस्त्री तिथं यायचा. तो म्हणाला, देवणीकडं एका मालकाला माणूस पाहिजे, खोली देतात. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन आम्ही दोघं मोटारीतून उतरलो तेव्हा ऊन मावळतीला आलं होतं, आणि मालकांनी पहिलं विचारलं ते, "जेवलात का?" काम येतं का, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. त्या एका प्रश्नाच्या उपकारात मी पुढं कित्येक वर्षं होतो. अजूनही आहेच म्हणा.

मालकांच्या घरी कानडी बोलायचे. मालकीणबाईंना सगळं गाव अव्वा म्हणायचं. माझी बायको त्यांच्या हाताखाली शेणपाणी, सारवण, दळणाचं निवडणं बघायची. अव्वांचा तिच्यावर जीव होता, पण तिच्या कपाळावरून त्या तिला चिडवायच्या. बायकोची आई तेलंगणातली. तिच्याकडून आलेल्या रितीप्रमाणं ही कुंकवाची बारीक उभी रेघ लावायची आणि रेघेच्या माथ्यावर हळदीचा ठिपका द्यायची. इकडच्या बायका मेणावर रुपयाएवढं गोल कुंकू लावणाऱ्या. "काय गं, कपाळावर मेणबत्ती पेटवून फिरतीस होय?" असं अव्वा म्हणायच्या आणि पाणवठ्यावरच्या बायका हसायच्या. हे बायकांतलं बोलणं बायकांतच राहायचं. परक्या बाईच्या तोंडाकडं बघायची गावात रीत नव्हती, आणि माझी बायको तर गल्लीत पुरुष दिसला की पदर भुवईपर्यंत ओढायची. मालकांसमोर तर हनुवटीपर्यंत.

त्या साली पुन्हा पाऊस रुसला होता. विहिरींचा तळ दिसायला लागला आणि टँकर सुरू झाला. टँकर वेशीतून आत यायचा तो मालकांच्या दारापुढं थांबायचा, कारण पुढं गल्ली अरुंद होती. निदान असं सांगत होते. आमची खोली मागच्या गल्लीत. तिथल्या बायका घागरी घेऊन पळत यायच्या तोवर पुढच्यांनी निम्मा टँकर रिकामा केलेला असायचा. त्याच साली आमचा जिल्हाही नवा झाला. आजवर सगळं उस्मानाबादला होतं, आता लातूरला आलं. म्हातारी माणसं मात्र कोर्टाच्या कामाला निघाली की अजून "उस्मानाबादला चाललो" म्हणायची आणि मोटारस्टँडवर चुकून उलट्या बाजूला उभी राहायची.

आमच्या वॉर्डात दोघंच उभे होते. मालकांची निशाणी शिडी. समोर मागच्या गल्लीतला एक बागाईतदार, बाग वाळून गेलेला. त्याची निशाणी कंदील. टँकर मागच्या गल्लीतही आला पाहिजे, गल्ली अरुंद असेल तर नळी लावा, एवढंच त्याचं भाषण. मत कुणाला द्यायचं हे मालकांनी मला सांगितलं नाही. सांगायची गरज त्यांना वाटली नाही आणि विचारायची मला. मी शिडीवर शिक्का मारला. बायकोनंही तेच केलं असणार हे मी धरून चाललो होतो. विचारतो कोण असल्या गोष्टी.

घोटाळा झाला तो एका साध्या गोष्टीनं. आमच्याकडची माणसं धान्याचा पहिला पायलीभर ढीग डोक्याला लावतात, पोराचं नवं पुस्तक डोक्याला लावतात, कागदाला पाय लागला तरी उचलून कपाळाला लावतात. देवळातल्या पेटीत काही टाकायचं तर आधी कपाळाला लावूनच. शाळेत मतदान होतं. समोर पेटी, पेटीला फट, हातात घडी केलेला कागद. बायांनी काय केलं असेल? कितीतरी जणींनी घडी कपाळाला टेकवली, हात जोडले आणि कागद आत सोडला. कागदाच्या पाठीवर कुंकू उमटलं. त्या दिवशी कुणाच्या हे ध्यानातही आलं नाही.

ध्यानात आलं उदगीरला मोजणीच्या टेबलावर. मतपत्रिकेवर मतदाराची ओळख पटेल अशी खूण असली की ते मत बाद, हा नियम तिथल्या कारकुनाला पाठ होता. पण नियम त्यानं अर्धाच लावला. कुंकू लागलेलं मत कंदिलाचं निघालं की "ओळख पटतीय" म्हणून बाजूला, शिडीचं निघालं की गुपचूप गठ्ठ्यात. मालकांचे मेव्हणे आमच्या बाजूनं टेबलाला बसले होते आणि कारकुनाची त्यांची जुनी ऊठबस. मालक मूठभर मतांनी निवडून आल्याचं जाहीर झालं. कंदीलवाल्यांकडून एक रिटायर मास्तर बसले होते. त्यांनी दोन्ही गठ्ठे उलटे करून दाखवायचा हट्ट धरला. मेव्हणे अंगावर गेले, टेबल आडवं झालं, आणि पोलिसानं दोघांनाही बाहेर काढलं. मास्तरांचा अर्ज लातूरला गेला. काही दिवसांनी हुकूम आला, पेट्या लातूरला आणा, तिथं मोजू.

गुलाल उधळून झाला होता. अव्वांनी पेढे वाटले होते. मालक दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी गिरणीत आले, पट्टा फिरत असताना माझ्या कानाशी येऊन म्हणाले,

"लातूरला तू बस."

मला वाटलं नीट ऐकू आलं नाही. मी गिरणीची मोटार बंद केली.

"मालक, म्या सहावीपातूर..."

"वाचायचं काय हाय तिथं? शिडी वळखतूस न्हवं? कंदील वळखतूस?"

"हाव."

"मंग झालं. मेव्हणा मास्तरांच्या अंगावर गेला, त्याला आत घेत न्हाईत आता. भावकीतला नेला तर पुन्हा हाणामारी. तू परमुलखातला, तुला कुणी काय म्हणत न्हाई."

नाही म्हणायला तोंड कुठं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं तर तिच्या हातातलं पोरीचं दुपटं तसंच राहिलं. "तुमी न्हाई म्हणा की," ती म्हणाली. "अंग दुखतंय म्हणा." मला वाटलं, एवढ्या लांब जायचं म्हणून तिला काळजी. मलाही काळजीच होती. माझ्या एका शब्दानं मालकांचं नुकसान झालं तर? आणि माझ्या एका शब्दानं खोटं पार पडलं तर? मेव्हण्यांनी उदगीरला काय केलं होतं हे गावात सगळ्यांना कळलं होतं, मलाही. मालकांनी मला तेच करायला पाठवलं नव्हतं. पण करू नको, असंही म्हणाले नव्हते.

लातूरला जाताना मोटारीत साहेबाचीच चर्चा. मोजणीला नवे साहेब येणार होते, आणि ते कुणाकडचे हे कुणाला कळत नव्हतं. आडनावावरून जात कळेना. जात कळली असती तर पार्टी कळली असती, असा सगळ्यांचा हिशोब. मागच्या बाकावर कंदीलवाले आणि मास्तर बसले होते. त्यांची फिकीर तीच. "नांदेडकडचा हाय म्हणं," मास्तर म्हणाले, आणि माझ्याकडं बघून थांबले. "गिरणीवाले, तुमी बी तिकडलेच की."

"तिकडलाच. पण वळख न्हाई."

"न्हाईच म्हणणार."

जिल्ह्याची कचेरी नवी म्हणजे नुसती पाटी नवी होती. आत खुर्च्या कुठकुठून मागून आणलेल्या, एकीसारखी दुसरी नाही. कागदांवर छापलेलं उस्मानाबाद पेनानं खोडून वर लातूर लिहिलेलं. मालक आणि कंदीलवाले बाहेर व्हरांड्यात बसले, एकाच बाकाच्या दोन टोकांना. आत साहेब, दोन कारकून, मास्तर आणि मी.

साहेब माझ्याहून फार तर पाचसहा वर्षांनी मोठे असतील. चहा आला तर त्यांनी घेतला नाही. पाणीही स्वतःच्या थर्मासातलं प्याले. मास्तर माझ्या कानात म्हणाले, "चहा कुणाच्या बाजूचा होता तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं." साहेबांनी आमची नावं-गावं विचारून लिहून घेतली. मी इस्लापूर म्हणालो तसे ते क्षणभर थबकले. तिकडचं बोलणं कानाला कळतं, त्यांच्या बोलण्यातही ते होतं. मला बरं वाटलं, आपल्या मुलखाचा माणूस. पण त्यांनी मान खाली घातली, माझं गाव लिहिलं आणि खुर्ची जराशी मागं सरकवून टेबलाच्या बरोबर मध्यावर घेतली.

"साहेब, एक हरकत हाय," मास्तर उठले. "हे दोघं... म्हणजे तुमी आन् हे गिरणीवाले, एकाच मुलखाचे."

"हरकत लिहून घ्या," साहेब कारकुनाला म्हणाले. मग मास्तरांना, "बसा. मी काही चुकीचं केलं असं वाटलं तर तेव्हाच्या तेव्हा सांगा. तेही लिहून घेऊ."

मास्तरांना हे अपेक्षित नव्हतं. ते बसले.

साधी मतं आधी मोजली. त्यात काही तंटा झाला नाही. शिडी थोडीशी पुढं होती. मग उरला कुंकवाचा ढीग. दोन्ही बाजूंचा, उदगीरला बाद केलेला आणि चालवून घेतलेला, सगळा एकत्र करून साहेबांनी कारकुनाकडून पिसून घेतला. एकूण एक कागद पालथा. शिक्क्याची शाई पाठीमागून दिसू नये म्हणून खाली काळा पुठ्ठा ठेवला.

"आता ऐका," साहेब म्हणाले. "मतदारानं आपली ओळख पटावी म्हणून मुद्दाम केली ती खूण. नकळत लागला तो डाग. खूण असेल तर मत बाद, डाग असेल तर चालेल. कागद पालथाच राहील. तुम्ही दोघांनी आधी सांगायचं, डाग की खूण. दोघांचं एक झालं तर ठीक, नाही तर मी ठरवीन. आणि ठरल्यावरच कागद उलटा करायचा."

मास्तर म्हणाले, "म्हणजे पत्ते खेळून राहिलो आपण."

"पत्त्यात निदान आपले आपल्याला दिसतात, मास्तर. इथं तेही नाही."

मला हे लगेच उमगलं नाही. पहिले चारदोन कागद झाले तेव्हा उमगलं, आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. मालकांचं नुकसान करायचं का फायदा करायचा, हा प्रश्नच तिथं शिल्लक राहिला नव्हता. कागदावर कुंकू दिसत होतं. ते कुणाचं मत, हे देवालाच ठाऊक. मी म्हणायचो, "डाग." बेइमानी करायची म्हटली तरी करायला जागा नव्हती.

मास्तरांना मात्र हे सोसेना. त्यांनी एक कागद उचलून नाकाला लावला.

"हुंगून कळतं का?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई, कुंकू असली हाय का बघून राहिलो."

पहिल्या काही मतांना ते ठासून "खूण" म्हणाले. साहेबांनी त्यांना विचारलं, "या गोल डागावरून बाई कोण, ते सांगा." मास्तर म्हणाले, "कसं सांगणार? गावातल्या सगळ्या बाया असंच लावत्यात." "मग डाग." कागद उलटा केला तर कधी कंदील, कधी शिडी. कंदील निघाला की मास्तर दचकायचे, आपणच आपलं मत बुडवायला निघालो होतो म्हणून. हळूहळू त्यांचा आवाज मऊ झाला. मग तेही माझ्यासारखे "डाग, डाग" म्हणायला लागले, आणि ढीग सरसर उतरायला लागला. दुपार झाली होती. माझं अंग सैल झालं होतं. असंच संपावं, आणि पाचच्या मोटारीनं घरी जावं.

तेवढ्यात कारकुनानं पुढचा कागद पुठ्ठ्यावर ठेवला. पाठीवर एक बारीक उभी रेघ होती. तांबडी. तिच्या माथ्यावर पिवळा ठिपका.

माझ्या बायकोचं कपाळ मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार. हळद कुठल्या डबीतली तेसुद्धा मी सांगितलं असतं.

मास्तर वाकले. "हे निराळं हाय, साहेब. इथं डाग न्हाई. रेघ वढलीय चांगली, वर टिंब दिलंय. ही खूण. मुद्दाम केलेली. आता मी कुणाच्या बाजूचं म्हणून बोलून राहिलो असं समजू नका, पर ही खूणच हाय."

"तुमचं काय?" साहेबांनी मला विचारलं.

तिचं मत शिडीलाच असणार, हे माझ्या मनात होतं. म्हणजे ते वाचवणं माझं कामच. पण वाचवायचं कसं? तिच्या माहेरी बाया कुंकू असंच लावतात, एवढं म्हटलं की झालं. पण एवढं म्हटलं की त्या हॉलमध्ये सगळ्यांना कळणार, हा कागद कुणाचा. गावात अशी रेघ लावणारी एकच. तिनं पडद्याआड जाऊन केलेली एक गोष्ट मी मास्तरांच्या आणि दोन कारकुनांच्या पुढं उघडी करणार, तेही तिला न विचारता. आणि गप्प बसलो तर तिचं मत बाद होणार. बिचारीनं हात जोडून टाकलेलं.

"डाग," मी म्हणालो.

"कशावरून?" मास्तर म्हणाले. "रेघ हाय ती. डाग असा सरळ पडतो का?"

मी पुन्हा 'डाग' एवढंच म्हणालो. साहेबांनी कागद स्वतःकडं ओढला, उजेडाकडं धरला नाही, नुसता बघितला. मग ते म्हणाले, "काही ठिकाणी कुंकू असंच लावतात, उभं. वर हळद. मी पाहिलंय. कपाळ टेकवल्यावर जसं होतं तसं उमटलंय. मुद्दाम केलेलं नाही. डाग."

ते माझ्याकडं बघतील म्हणून मी टेबलाकडं बघत राहिलो. त्यांनी बघितलं नाही. इस्लापूर त्यांनीच सकाळी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

"उलटा करा," ते कारकुनाला म्हणाले.

कंदील.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "बरं झालं साहेब, तुमी माझं ऐकलं न्हाई." मग ते मोकळे होऊन हसले आणि माझ्याकडं वळले. "तुमचं तोंड कामून उतरलं, गिरणीवाले? एकच तर मत गेलं."

मी म्हणालो, "भूक लागलीय." मास्तर आठवड्यातून एकदा गिरणीवर दळण घेऊन यायचे, माझी बायको शेजारी धान्य चाळत बसलेली असायची. पण पदराखाली काय असतं हे त्यांना कधी दिसलंच नव्हतं. दिसलं असतं तर ते आत्ताच बोलले असते, पोटात ठेवणारा माणूस नव्हता तो. मालक तर बाहेर होते, आणि मालकांनीही कधी बघितलं नव्हतं. अव्वांना ती रेघ ठाऊक होती, पण हा कागद त्यांच्यापर्यंत जाणार नव्हता. हे सगळं मी उरलेल्या कागदांना "डाग" म्हणता म्हणता मनातल्या मनात पुन्हा पुन्हा तपासून घेत होतो, कुलूप लावल्यावर माणूस ओढून बघतो तसं.

शेवटी कंदील थोड्या मतांनी पुढं गेला. एका मताचा फरक नव्हता, एवढी देवानं माझ्यावर मेहेरबानी केली. तिचं मत नसतं तरी मालक पडलेच असते. साहेबांनी मला आणि मास्तरांना विचारलं, "काही हरकत?"

"सकाळची माझी हरकत," मास्तर म्हणाले, "तेवढी काढून टाका."

"लिहिलेली राहू द्या," साहेब म्हणाले. "लिहिलेलं खोडत नसतात."

मत गुप्त असतं, कुठल्या कागदावर काय दिसलं ते बाहेर बोलणार नाही, असं लिहून साहेबांनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. कारकून पेट्यांना लाख लावायला लागले. साहेबांनी थर्मासातलं उरलेलं पाणी झाकणात ओतलं आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघून, आमच्या तिकडच्या बोलीत विचारलं, "औंदा सहस्रकुंडाला पाणी हाय का?"

"न्हाई जी. नुसते खडक उघडे पडलेत म्हणं. आईनं कळवलंय."

"हं," ते म्हणाले. "पडंल पाऊस." आणि झाकणातलं पाणी माझ्यापुढं केलं. मी प्यालो.

व्हरांड्यात मालकांना आधीच कळलं होतं. ते उठून उभे होते, टोपी हातात. परतीला उदगीरकडं जायला तीच एक मोटार, त्यामुळं जिंकलेले आणि हरलेले एकाच गाडीत. मास्तरांनी पुढं होऊन मालकांसाठी खिडकीची जागा धरली आणि वर म्हणाले, "मालक, शिडी आता घरी न्या. माळ्यावरचं काढाया कामी यील."

"नेतो," मालक म्हणाले. "तुमी कंदिलात तेल घाला आधी. राशनला रॉकेल मिळंना औंदा."

कंदीलवाले हसले, मालकही थोडे हसले. मोटार लातूरच्या बाहेर पडली. दोन्ही बाजूला उघडी काळी रानं, भेगा पडलेली. मालक खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलो होतो. खोली, पोरगी, ट्रंक, एवढं घेऊन आता कुठं जायचं याची जुळवाजुळव मनात चालली होती.

"तू सगळ्यालाच डाग म्हणालास म्हणं," ते बाहेर बघतच म्हणाले.

"हाव मालक."

"पालथी होती मतं?"

"पालथी होती. खाली काळा पुठ्ठा होता."

"मंग तू तरी काय करणार." माझ्याकडं जरा सरकून ते हळू आवाजात म्हणाले, मागच्यांना ऐकू जाऊ नये असं. "उदगीरला मेव्हण्यानं केलं, ते म्या सांगितलं नव्हतं. पर न्हाई बी म्हणलो नव्हतो. गुलाल अंगावर पडला तेव्हाच मला गोड लागला नव्हता." मग टोपी डोक्यावर नीट बसवली. "उद्या पट्टा बघ. सैल झालाय, पीठ भरड पडून राहिलंय. अव्वा बोंबलतीय."

"बघतो मालक."

उद्या. उद्या पट्टा बघायचा म्हणजे उद्या मी तिथं असणार. मी तोंड फिरवून मोटारीच्या टपाकडं बघितलं, डोळे कोरडे व्हावेत म्हणून.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होऊन बराच वेळ झाला होता. बायको उंबऱ्यात उभी होती. पोरगी काखेत.

"काय झालं?"

"पडले मालक."

तिनं तांब्या आणून दिला. मी पाय धुतले, तांब्याभर पाण्यात दोन्ही. आत येऊन बसलो.

"तुझं कुंकू उमटलंय कागदाला," मी म्हणालो.

तिनं पोरीला खाली ठेवलं. चुलीकडं तोंड करून विचारलं, "कुणी वळखलं?"

"म्या."

"आणखी?"

"एका साहेबानं. ते लातूरला राहिले. आपल्याच मुलखाचे हायत, बोलणार न्हाईत."

"मालक?"

"मालकांनी तुजं कपाळ कधी बघितलंय का?"

तिनं श्वास सोडला तो मला ऐकू आला. मग ती वळली. मी रागावलोय का हे तिनं बघितलं. मी रागावलो नव्हतो, पण मला कळतही नव्हतं की काय वाटतंय. मी म्हणालो, "आपण त्यांचं मीठ खातो गं."

"खातो की. अव्वा मला लेकीवाणी वागवतीय, हे मी मरेपर्यंत इसरणार न्हाई. पर पाणी कोण आणतंय? पोटुशी होते तवा बी त्या टँकरमागं पळालेय. टँकर मागं यावा, म्हणून दिलं. मालकाचं वाईट व्हावं म्हणून न्हाई दिलं."

मी आपला नवऱ्यासारखं काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो, "पुढच्या बारीला ते कपाळाला तरी लावू नको."

"आन् लावलं तर? आधी कपाळ पुसू का?"

"पुसू नको," मी घाईनं म्हणालो.

ती हसली. तव्यावर भाकरी टाकली, पाणी फिरवलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "तुमी कुणाला दिलं हुतं?"

"शिडीला."

"मंग झालं की. घरातून दोघास्नी एकेक गेलं. कुणाचं काय बुडालं?"

भाकरी फुगली. तिनं ती माझ्या ताटात टाकली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे तेव्हा कुठं मला कळलं.